ठेवायला जागा

मी उपनगरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शाळा सुटली की आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी कधी घाटकोपरला पुलाखाली, कधी अंधेरी स्टेशनच्या आसपास, कधी बोरिवलीच्या एका रात्रनिवाऱ्यात जाऊन बसते. पिशवीत कागद, तेलखडू, पेन्सिली आणि लिहिणाऱ्यांसाठी वह्या असतात. वीसेक वर्षं हे चाललंय. सुरुवातीला एका संस्थेबरोबर जात होते, पुढे आम्ही चार-पाच शिक्षकच जायला लागलो.

कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो तो असा: ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नाही, त्यांना चित्रं आणि गाणी कशी सुचतात? विचारणारा मनापासून विचारतो, म्हणून मीही नीट उत्तर देते. आम्ही जाण्याआधीही त्यांना सुचतच होतं. द्रुतगती मार्गाच्या सिग्नलवर गजरे विकणारी बाई मोगऱ्यामध्ये अबोली कुठे गुंफायची हे आपल्या मनानं ठरवत होती. दिवाळीत पुलाच्या खांबाशी चटईएवढी जागा झाडून, पाणी शिंपडून रांगोळी निघत होती. लोकलमध्ये फरशीचे दोन तुकडे बोटांत धरून ताल देणाऱ्या पोराला धृपदाच्या शेवटी ताल कुठे तोडायचा ते पक्कं ठाऊक होतं. सुचण्याची अडचण मला फारशी कुठे दिसली नाही. अडचण दिसली ती सुचलेलं ठेवायचं कुठे याची. एवढ्या वर्षांत मला जे शिकायला मिळालं, त्यातलं बहुतेक याच अडचणीभोवतीचं आहे.

रस्त्यावर राहणाऱ्याचं सामान म्हणजे एक-दोन गोण्या, ताडपत्री, स्टोव्ह, भांडी आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. वहीचा नंबर या सगळ्यानंतर. जूनमध्ये पाऊस लागला की कागद आधी मऊ होतो, मग पानं एकमेकांना चिकटतात. जेलपेनची शाई पसरते, बॉलपेनची तग धरते. तेलखडूचं चित्र भिजलं तरी बरंचसं वाचतं, जलरंगाचं वाचत नाही. त्यामुळे माझ्या पिशवीतले जलरंग गेले आणि वह्यांच्या जोडीला जाड प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. शाळेत ज्याला आपण चित्रकलेचं साहित्य म्हणतो, त्याची निवड तिथे हवामान करतं.

पावसापेक्षाही मोठी भीती गाडीची. ‘गाडी आली’ ही हाक फूटपाथवर कोणत्याही भाषेच्या माणसाला कळते. अतिक्रमण हटवायला आलेल्या गाडीत सामान चढायला लागलं की हातात दोन-तीन मिनिटं असतात. आधी पोर उचलायचं, मग भांडी, मग कागदपत्रांची पिशवी. अंधेरीच्या बाजूला एक बाई माहेरची माणसं लिहीत होती. गावात शिरल्यावर डाव्या हाताचं पहिलं घर कोणाचं, त्या घरात कोण कोण, कोणाचं कोणाशी बोलणं बंद, कोणाच्या दारात कुठलं झाड, असं घरोघर जात ती अर्ध्या गावापर्यंत पोचली होती. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं, रेघ सोडून वर-खाली जाणारं. पण वाचताना मी त्या आळीतून चालत असायचे. एका सकाळी गोणी गेली, गोणीत वही होती. पुढच्या आठवड्यात मी नवी वही नेली, तर तिनं ती घेतली नाही. म्हणाली, “बाई, आता तोंडी सांगते. लिहून घेऊ नका. लिहिलं की जातंय.” नंतर ती खरंच तोंडी सांगत राहिली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे मी ते कुठेही उतरवून घेतलेलं नाही.

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हुसकावण्याची मोहीम निघाली, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयानं मान्य केलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याच्या साधनाचा हक्कही येतो. माणूस फूटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ असतं. हटवायचं झालं तरी आधी सूचना द्यायला हवी, असंही त्यात आहे. कायद्याच्या अभ्यासात हा निकाल सगळीकडे शिकवतात. मला तो वाचताना गोणी आठवते. घर पाडणं, रोजगार बुडवणं यावर पानंच्या पानं युक्तिवाद होऊ शकतात. गोणीत अर्धं गाव होतं, याची नोंद कुठल्या पंचनाम्यात करणार?

ठेवायची सोय कशी करायची, हे मला रस्त्यावरच्या माणसांनीच दाखवलं. घाटकोपरला एक तरुण हमाल हिंदीत शेर लिहायचा. त्याची वही मला कधी त्याच्याजवळ दिसायची नाही, तरी दर वेळी नवं काहीतरी वाचून दाखवायचा. एकदा विचारलं तेव्हा तो मला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेला. टपरीवाल्यानं फळीखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत त्याची वही, आणखी कोणाचे दोन फोटो, कोणाचं तरी रेशनकार्ड, एका बाईची पोथी. टपरीवाल्याला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं. कोणाचं काय हे तो वस्तूवरून ओळखायचा. मग मी पाहायला लागले, तर असे रखवालदार जागोजागी निघाले. पैसे देऊन वापरायच्या शौचालयात बसणारा माणूस, देवळाचा पुजारी, इस्त्रीवाला, रात्री बंद होणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानाचा मालक. कोणी भाडं घेत नव्हतं. शहराच्या पोटात एवढी मोठी व्यवस्था चालू होती आणि ती कुठल्याही कागदावर नव्हती. आम्ही शाळेतलं एक लोखंडी कपाट मागून घेतलं ते या टपरीवाल्यावरून. मुख्याध्यापकांनी एवढंच विचारलं की कपाटात खाण्याचं काही ठेवणार नाही ना.

अंधेरीत मला माझ्या धंद्यातला एक गुरू भेटला. साठीच्या पुढचे, पेंटर. सगळे त्यांना पेंटरकाकाच म्हणत. तरुणपणी सिनेमाच्या बॅनरवर काम केलेलं, नंतर दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती. चित्रकार हुसेनसाहेबांनी याच शहरात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली होती, हे ते अभिमानानं सांगत. मग फ्लेक्सची छपाई आली आणि काही वर्षांत हाताच्या पाट्यांचं काम आटलं. भाड्याची खोली गेली, पुढे गुडघा गेला, शिडीवर चढता येईना. झोपायला स्टेशनजवळचा आडोसा. पण ब्रश जपलेले. रॉकेलमध्ये धुऊन, केसांना तेलाचं बोट लावून, फडक्यात गुंडाळून कमरेच्या पिशवीत. गाडी आली तरी ते हातात यायचे, कारण ते कमरेवरून कधी उतरतच नव्हते.

देवनागरी अक्षरं कागदावर काढायला मी कला महाविद्यालयात शिकले. भिंतीवर काढायला शिकले ती त्यांच्याकडून. सुताला खडू चोळायचा, दोघांनी दोन टोकांना ताणायचं, मधे चिमटीत उचलून सोडायचं, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. अक्षरं आधी खडूनं नुसती बसवायची, शिरोरेखा शेवटी. ती आधी ओढली तर हात बांधला जातो आणि अक्षरांमधली पोकळी जमत नाही, असं ते म्हणत. ‘ळ’ काढताना ते श्वास रोखून धरायचे. निवाऱ्याच्या आवारातल्या एका भिंतीवर त्यांनी मुलांना बाराखडी करून दिली. ती पाहायला मी माझ्या शाळेतल्या, एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या मुलांना घेऊन गेले होते.

एकदा कॅमेरा घेऊन काही विद्यार्थी आले. मुलं चांगली होती, नम्र होती. त्यांनी काकांना मोठा कॅनव्हास दिला आणि सांगितलं, तुमचं आयुष्य रंगवा. काका कॅनव्हासकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “माझं आयुष्य राहू द्या. एखादी पाटी सांगा, पाटी करून देतो.” शेवटी त्या कॅनव्हासवर निवाऱ्याच्या नावाची पाटी झाली. लाल अक्षरं, त्यांना पिवळी सावली, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांचं स्वतःचं नाव. त्या पाटीतली अक्षरांची वळणं आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. बेघर माणसाकडून कलेची अपेक्षा करताना आपण बहुतेकदा त्याच्या दुःखाची अपेक्षा करतो. पावसात भिजलेलं मूल, रिकामं ताट, पुलाखालचा अंधार. त्यातलं काहीच खोटं नाही. पण चाळीस वर्षं अक्षरं घडवलेल्या माणसाला अक्षरांबद्दल बोलायचं असतं. त्याचा तो हक्क माझ्यापेक्षा कमी नाही.

हे दुसऱ्या एका ठिकाणीही दिसलं. प्रदर्शनं भरवायला लागलो तेव्हा लोक येऊन विचारत, “यात त्यांची वेदना कुठे आहे?” भिंतीवर होते मोर, ताजमहाल, क्रिकेटपटू, शंकर-पार्वती, एका मुलीनं काढलेली ओळीनं बारा फ्रॉकची चित्रं. फ्रॉक तिनं दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून पाहिलेले होते, प्रत्येकाची झालर वेगळी. वेदना शोधणाऱ्याला त्या झालरी दिसल्या नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट चिकाटीनं करावी लागली. ‘घर’ काढा म्हटलं की सगळी मुलं एकच घर काढतात. उतरतं छप्पर, मधोमध दार, बाजूला नारळ, मागे दोन डोंगर, त्यातून उगवता सूर्य. घरात राहणारी मुलंही तेच काढतात, पुलाखाली जन्मलेलीही तेच. ते पुस्तकातून आलेलं आहे, आणि पुस्तक डोळ्यांपेक्षा बलवान असतं. मग आम्ही विषय बदलले. झोपल्यावर काय दिसतं ते काढा. तेव्हा कागदावर मुंबई उलटी आली. पुलाचा खालचा पृष्ठभाग, दोन तुळयांमधली फट, तिथे बसणारी कबुतरं. गाड्या आल्या त्या चाकांच्या उंचीवरून. चाकं अवाढव्य, वर माणसाचं डोकं राईएवढं. एका मुलानं नुसते पाय काढले होते, सकाळी मेट्रोच्या जिन्याकडे धावणारे. त्यात बूट, सँडल, साडीचे काठ, एक काठी. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे वरून घेतलेले सुंदर फोटो आले होते. खालून ती कशी दिसते ते मला या मुलानं दाखवलं.

घर काढण्यावरून भायखळ्याच्या बायकांबद्दल सांगायला हवं, कारण बेघर माणसांनी केलेल्या निर्मितीचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेनं फूटपाथवासीयांची गणना करून ‘वुई, द इन्व्हिजिबल’ हा अहवाल काढला. पुढच्या वर्षी भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. या बायकांनी आपल्याला हवं ते घर स्वतः आखलं. उंची मोजायला साड्या वापरल्या. कापड आणि लाकडाचे पूर्ण मापाचे नमुने उभे करून लोकांना आत फिरवलं. एकाच खोलीची उंची त्यांनी चौदा फूट धरली, म्हणजे वर पोटमाळा निघतो. वास्तुविशारद नसलेल्या, फूटपाथवर दहा-वीस वर्षं काढलेल्या बायकांना पहिली गरज कळली ती पोटमाळ्याची. पुढे त्यांच्यातल्या कित्येकींना मानखुर्दला घरं मिळाली. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी आमच्या लोखंडी कपाटाचा विचार करत बसले होते.

मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला बाटल्या निवडणाऱ्या एका मावशींनी मला ठेवण्याबद्दल वेगळंच काही शिकवलं. त्या बीडकडच्या. नवरा वारल्यावर दिराच्या ओळखीनं मुंबईत आलेल्या, मग ओळख संपली आणि रस्ता उरला. काचेच्या बाटल्या एकीकडे, प्लास्टिकच्या दुसरीकडे, झाकणं तिसरीकडे, असं निवडताना त्या ओव्या म्हणत. जातं नव्हतं, पण हाताला फेर होता. परंपरेच्या ओवीत भाऊ घोड्यावरून येतो. मावशींचा भाऊ धिम्या लोकलनं यायचा, भांडुपला गर्दीमुळे त्याला उतरता यायचं नाही, म्हणून तो मुलुंडपर्यंत यायचा आणि बहिणीला भेटायचा. सासूच्या जागी मुकादम आलेला, विहिरीच्या जागी टँकर. मी वही काढली की त्या हसून थांबायच्या. “तू लिहिलंस की ते तिथंच ऱ्हातंय. माझं रोज निराळं हाय.”

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. ते काम किती मोठं आहे हे मावशींना भेटल्यावर मला नीट कळलं. गाव सुटलेल्या बाईबरोबर ओवीही गाव सोडते आणि शहरात वाढते, पण मला भेटलेल्या बायकांपर्यंत ती टिपायला कोणी पोचलेलं नव्हतं. ज्यांच्याकडे ठेवायला काहीच जागा नाही त्यांनी गळ्यात ठेवलं, असं मी एक वर्ष मानत होते. मग मावशींबरोबर निवडायला बसणारी लातूरकडची बाई दुसरीकडे गेली, आणि मावशींच्या ओव्या हळूहळू थांबल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “उचलून धरणारी नको का?” जात्याला दोघी बसतात, एक ओळ हिची, पुढची तिची. गळ्यात ठेवलेलं टिकायलाही समोर दुसरा गळा लागतो. मग मी बसायला लागले. मला ओवी येत नाही, चाल धरता येते. तेवढ्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. गावी राहिलेल्या लेकीचा नंबर त्यांना पाठ होता. माझ्या फोनवरून आम्ही तिला आवाज पाठवला. दोन दिवसांनी तिकडून उलट ओवी आली, आईच्या शेवटच्या ओळीला जोडून.

गाणाऱ्यांच्या बाबतीत कायद्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरतीचे खेळ करणं, वस्तू विकायला पुढे करणं, अशा कुठल्याही निमित्तानं दान घेणं येतं. पहिल्यांदा पकडलेल्या माणसाला किमान एक वर्ष भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. वासुदेव, पोतराज, डोंबारी, नंदीबैलवाले या सगळ्यांची कला या एका वाक्यात बसते. ज्या वासुदेवाची चित्रं आम्ही शाळेत लोकसंस्कृती म्हणून काढून घेतो, तो रस्त्यावर उभा राहिला की याच कलमात सापडतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये या कायद्याच्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्राला तो निकाल लागू होत नाही. फरशीचे तुकडे वाजवणारा आमचा पोरगा दिवसभर ते खिशात ठेवायचा आणि रेल्वे पोलीस दिसला की रुळांत टाकून द्यायचा. तुकडे परत मिळत, पण प्रत्येक जोडीचा आवाज निराळा, आणि हवा तसा आवाज मिळायला त्याला कितीतरी तुकडे वाजवून पाहावे लागत.

नावाचाही प्रश्न असतो. सिग्नलवर फुलं, लिंबू-मिरची विकणाऱ्यांत पारधी कुटुंबं पुष्कळ. घरात त्यांची गुजरातीच्या जवळची स्वतःची बोली, बाहेर मराठी आणि हिंदी. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की आधी त्यांच्या पालावर जाण्याची सवय गेली नाही. अशा घरातली बाई चित्राखाली नाव लिहायला तयार होत नाही, आणि तिला त्यासाठी आग्रह करणं बरोबर नाही. ती फुलाची खूण काढते. याउलट बोरिवलीच्या निवाऱ्यातल्या एका आजोबांनी चार ओळींच्या पत्राखाली स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं लिहायला लावलं. प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर जागा पुरेना. आम्ही चिठ्ठी मोठी केली.

कला माणसाला रस्त्यावरून वर काढते, असं भाषणांतून ऐकायला मिळतं. माझ्या पाहण्यात तसं झालेलं नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्यांना छप्पर मिळालं ते ओळखपत्रामुळे, नोकरीमुळे, औषधांमुळे, कोणा नातेवाइकानं पुन्हा दार उघडल्यामुळे. पेंटरकाका वसईला पुतण्याकडे गेले ते गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर. चित्रकलेनं त्यांच्यासाठी काय केलं ते मोजता येत नाही. एवढंच की पुतण्या घ्यायला आला तेव्हा त्याला काकांपर्यंत आणून सोडणाऱ्यानं ओळख सांगितली ती ‘बाराखडीवाले’ म्हणून.

घाटकोपरला गेलं की चिरागनगर लागतं. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आईवडिलांबरोबर पायी मुंबईला आले, पुढे चिरागनगरच्या झोपडपट्टीत कितीतरी वर्षं राहिले. ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली ती त्या काळातली. नारायण सुर्वे तान्हेपणी रस्त्यावर सापडलेले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं त्यांना वाढवलं, आणि पोरवयातच पुन्हा एकटं पडल्यावर त्यांनी फूटपाथवर दिवस काढले. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला. महापालिकेच्या शाळेत ते आधी शिपाई होते, नंतर शिक्षक. या दोघांची नावं घेऊन रस्त्यावरच्या मुलांना ‘तुम्हीही होऊ शकता’ असं सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यात अर्धीच गोष्ट दिसते. अण्णा भाऊंच्या झोपडीला दार होतं, आणि त्यांच्यापाशी लालबावटा कलापथक होतं, अमर शेख आणि गव्हाणकर होते, हजारोंनी ऐकणारे कामगार होते. सुर्व्यांना शाळा मिळाली, चळवळ मिळाली. दोघांची प्रतिभा अफाट होतीच, आणि तिला उचलून धरणारीही माणसं होती.

२०२० च्या टाळेबंदीत पालिकेच्या काही शाळा बेघर आणि अडकलेल्या मजुरांसाठी उघडल्या. त्यातल्या एका शाळेत मला पास मिळून जाता आलं. वर्गावर्गात अंथरुणं, आणि भिंतीवर फळे. रस्त्यावर राहणाऱ्या मोठ्या माणसांना एकाच वेळी छप्पर, भिंत, खडू आणि रिकामा वेळ मिळालेला मी तेव्हा प्रथम पाहिला. पहिल्या आठवड्यात फळे भरले. गावाकडे जायच्या रस्त्याचे नकाशे, उधारीचे हिशेब, देवीचं चित्र, भोजपुरी गाणं, मराठी शिव्या, एका फळ्यावर शंभरपर्यंत उजळणी. कोणी कोणाचं पुसत नव्हतं. जागा संपली तेव्हा त्यांनी आपापसांत ठरवलं की रविवारी ज्याचं त्यानं पुसायचं. आम्हाला नियम करावा लागला नाही. त्या फळ्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, आणि या सगळ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त आशा वाटली ती त्या महिन्यात.

शहरांसाठीचा दंडक दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा आहे, आणि तो चोवीस तास उघडा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या जवळ होती आणि बेघर सुमारे ५७ हजार मोजले गेले. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे लागतील. आहेत ते त्यापेक्षा फारच कमी. निवाऱ्यांची मागणी करताना आता मी प्रत्येक खाटेमागे कुलूप लागणारा एक खण मागते. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून कंटेनरमध्ये सिग्नल शाळा चालते. तिथे मुलांचं दप्तर ठेवायला जागा आहे, आणि त्यामुळे काल काढलेलं चित्र आज पुढे नेता येतं. मुलुंडच्या सिग्नलवरच्या आमच्या मुलांना रोज नव्यानं सुरू करावं लागतं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. कपाट शाळेचं आहे, पण नव्या कला शिक्षिकेनं किल्ली घ्यायचं मान्य केलंय. तिच्याबरोबर मी सध्या एकेक फाइल लावतेय. प्रत्येक फाइलवर मालकानं सांगितलेलं नाव किंवा खूण, ते कुठे झोपत असत ती जागा, आणि त्यांची परवानगी: दाखवा, दाखवू नका, विकलं तर पैसे टपरीवर द्या, फक्त लेकीला द्या. अर्ध्याहून जास्त फायलींचे मालक पुन्हा भेटलेले नाहीत. ज्यांवर काही लिहिलेलं नाही त्या फायलींचं प्रदर्शन करावं, पुस्तक काढावं, असं एका जाणकार गृहस्थांनी सुचवलं. चित्रं त्यांना खरोखर आवडली होती. मी नाही म्हटलं. नव्या शिक्षिकेला हे पटत नाही. तिचं म्हणणं, कागद पिवळे पडतायत, निदान फोटो काढून ठेवूया. फोटो काढायला माझी हरकत नाही. ते कोणाला दाखवायचे यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही वाद घालत फायली लावतो, आणि ‘दाखवू नका’ लिहिलेल्या सगळ्या सर्वात खालच्या खणात वेगळ्या ठेवतो.